आत्याची रील आणि ‘पब्लिक प्लेस आहे काका’

मागच्या वर्षीची गोष्ट. आमची आत्या एकवीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पायी जाते, आधी मामांसोबत जायची, मामांच्या गळ्यात दिंडीचा वीणा असायचा, ते गेल्यावर आता दिंडीतल्या बायकांबरोबर जाते. लोणंद सोडलं की तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो, तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. अश्व दौडत गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, आत्या पण लावते आणि मग रस्त्याच्या कडेला बसून दरवर्षी रडते. कारण शेवटच्या वारीत मामा तिला तिथेच म्हणाले होते की पुढच्या वर्षी मला जमलं नाही तर तू माझ्यासाठी माती घेऊन ये. ती माती ती पदराच्या गाठीत बांधते, पाच-दहा मिनिटं डोळ्याला पदर लावून बसते, मग उठते, चपला झटकते आणि चालायला लागते. आमच्या घरात हे लहान पोरांना पण माहितीये.

त्या पाच-दहा मिनिटांतली चाळीस सेकंदं मागच्या वर्षी एका पोराने समोरून फोनमध्ये घेतली. तिला कळलं पण नाही. झूम केलेला चेहरा, सुजलेले पाय, ती गाठ, मागे बासरी आणि वर मोठ्या अक्षरात ‘पोटच्या पोरांनी टाकलं, विठ्ठलाने जवळ केलं’. तिला एकच मुलगा आहे, माझा आतेभाऊ, एसटीत ड्रायव्हर. वारी चालू असताना दोनदा ड्युटी बदलून तो तिला भेटून आला होता, गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या देऊन आला होता. तीन-चार दिवसांनी ही रील त्याला त्याच्याच डेपोच्या ग्रुपवर आली, तोपर्यंत ती लाखो लोकांनी बघितली होती आणि खाली कमेंट्स काय तर असल्या मुलांना चौकात उभं करून फटके द्या. त्याच्या मुलीला वर्गात विचारलं, तुझीच आजी ना ती? सासरवाडीहून फोन आले. दादा म्हणजे शांत माणूस, त्याने त्या पोराला नीट मेसेज केला की ही माझी आई आहे, तुम्ही लिहिलंय ते खोटं आहे, काढून टाका. त्याचं उत्तर आलं, चांगल्या भावनेने टाकलंय, आणि दादाने परत सांगितल्यावर, ‘पब्लिक प्लेस आहे काका, परमिशन लागत नाही.’

दादा पोलिस स्टेशनला गेला. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, रील दोनदा बघितली आणि विचारलं, यात अश्लील काही आहे का? नाही. शिवीगाळ, धमकी? नाही. मग कलम कुठलं लावू सांगा. बदनामी वाटत असेल तर तो अदखलपात्र गुन्हा आहे, कोर्टात जा. तो माणूस वाईट नव्हता, कायद्यात जे आहे तेच सांगत होता, आणि माझं म्हणणं हेच आहे की कायद्यात जे आहे ते कमी पडतंय.

मी वकील नाहीये, पण तेव्हापासून सापडेल ते वाचत आलेय. तो पोरगा अर्धा बरोबर बोलत होता. रस्त्यावर अनोळखी माणसाचा व्हिडिओ काढू नये असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. शिवाय व्हिडिओचा कॉपीराइट साधारण काढणाऱ्याकडे असतो, ज्याचा चेहरा आहे त्याचा त्या व्हिडिओवर काडीचा हक्क नाही. पण दुसरी बाजू पण आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा घटनेच्या कलम २१ मधला मूलभूत हक्क आहे, आणि त्या निकालात हे पण स्पष्ट आहे की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही, कारण ते जागेला नाही तर माणसाला चिकटलेलं असतं. हे वाचल्यावर मला पहिली आत्याच आठवली, हजारो लोकांच्या गर्दीत पदर डोळ्याला लावून बसलेली, आणि तरी स्वतःपुरती एकटी.

आता कोणी म्हणेल की मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, रील टाकणारा पोरगा म्हणजे सरकार नाही. तर जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने बहुमताने सांगितलंय की कलम १९ आणि २१ मधले हक्क खासगी व्यक्तींविरुद्ध पण मागता येतात. म्हणजे तत्त्व आहे. पण ते तत्त्व घेऊन एसटीच्या ड्रायव्हरने जायचं कुठे? वकील करायचा, हायकोर्टात जायचं, तोपर्यंत रील गावोगावी फिरून झालेली असते.

मग साधे कायदे काय म्हणतात ते बघू. आयटी कायद्यातलं कलम ६६ई आहे, परवानगीशिवाय फोटो काढला तर तीन वर्षं कैद किंवा दोन लाखापर्यंत दंड, पण कशाचा फोटो? शरीराच्या खासगी भागाचा, उघड्या किंवा अंतर्वस्त्रातल्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, जे आधी ३५४सी होतं आणि दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ ला आलं, ते बाईचे चोरून फोटो-व्हिडिओ काढण्याबद्दल आहे, पण त्यात पण ती ‘खासगी कृती’ करत असली पाहिजे आणि जागा अशी पाहिजे की तिथे आडोसा अपेक्षित असतो. हे कायदे पाहिजेतच, त्यासाठी बायका रस्त्यावर उतरल्यात. पण यांची नजर फक्त कपड्यांवर आहे. अंगभर लुगडं नेसलेल्या बाईचं दुःख उचलून विकलं तर त्याला आपल्या कायद्यात नाव नाही.

आणि हे सगळं कपड्यापाशीच अडकल्यामुळे बायकांच्या अब्रूचं पण नीट रक्षण होत नाही. २०२५ च्या प्रयागराज कुंभात गंगेत अंघोळ करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ सोशल मीडियावर टाकले गेले, टेलिग्रामवर विकायला ठेवले गेले, उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे दाखल केले. पण जरा ती कलमं शांतपणे वाचा. घाट उघडा, हजारो लोक, बाई ओल्या साडीत. आडोशाची जागा आहे का? वकील म्हणणार, ‘नाही’. उघडी आहे का? नाही. म्हणजे जिथे बाईला सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच आरोपीचा वकील पळवाट काढू शकतो. त्याच वर्षी मे महिन्यात बेंगळुरूच्या मेट्रोत बायकांचे चोरून व्हिडिओ काढून एका इन्स्टाग्राम पेजवर टाकणारा सापडला, तो चांगला नोकरीवाला होता. ऑफिसला चाललेल्या, कानात इअरफोन घातलेल्या, साध्या कपड्यातल्या बायका. एफआयआरमध्ये पाठलागाचं कलम लावलं होतं. पाठलाग! कारण सरळ ‘विचारल्याशिवाय हिला चारचौघांत का मांडलंस’ असं विचारणारं कलमच नाही.

आणि पुरुषांचं काय? २०१५ ला दिल्ली मेट्रोतला एक व्हिडिओ देशभर फिरला होता, युनिफॉर्ममधला पोलिस डब्यात तोल जाऊन पडतोय, लोक हसतायत, दारुडा पोलिस म्हणून चॅनलवाल्यांनी पण दाखवला. त्याला सस्पेंड केलं. नंतर कळलं की त्याला आधी मेंदूचा आजार होऊन गेला होता, अर्ध्या अंगावर परिणाम झाला होता, त्या दिवशी तो प्यायलेला नव्हताच. त्याला कामावर परत घेतलं, पण झालेली बदनामी पुसून द्या म्हणून त्याला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. ज्याने व्हिडिओ काढला त्याने डोळ्यांनी जे दिसलं तेच शूट केलं होतं, खोटं काहीच नव्हतं त्यात, फक्त त्याला विचारायला कोणी दोन पावलं पुढे गेलं नाही.

मला वाटतं गोम इथेच आहे. आपण भांडतो ते शूटिंगवरून, काढावा की काढू नये. पण आत्याचं वाटोळं शूटिंगने केलं नाही, ते पोरगं व्हिडिओ फोनमध्ये ठेवून घरी गेलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तिचा चेहरा ओळखू येईल असा, तिच्याच एकटीचा, तिला न विचारता, वर एक मनाची गोष्ट चिकटवून लोकांपुढे टाकला, तिथे नुकसान झालं. काढणं आणि टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायद्याने बोट ठेवायला पाहिजे ते टाकण्यावर.

हे मी का म्हणते ते सांगते. मी रोज ठाण्याहून दादरला लोकलने जाते. काही वर्षांपूर्वी एक माणूस दोन दिवस माझ्या मागे प्लॅटफॉर्मवर येऊन उभा राहायचा, अंगाला अंग घासायचा. तिसऱ्या दिवशी मी वळून फोन वर धरला आणि त्याच्या तोंडावर रेकॉर्डिंग चालू केलं, तो गर्दीत घुसला आणि परत दिसला नाही. १३९ ला फोन केला, आरपीएफच्या बाईंना क्लिप दाखवली, त्यांना पाठवली. उद्या कोणी कायदा केला की सार्वजनिक जागी विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचाच नाही, तर माझ्या हातातलं ते एकच हत्यार जाईल. क्लिप मी कुठेही टाकली नाही, खूप हात शिवशिवले होते, पण म्हटलं पोलिसांना दिलीये ना, बास. लोक म्हणतील टाकायला पाहिजे होती. मला अजूनही वाटतं की मी केलं ते बरोबर केलं, कारण त्या माणसाची पण घरी पोरं असतील, त्यांनी शाळेत काय उत्तर दिलं असतं?

आणि सत्तेवर कॅमेरा धरायचा हक्क तर आपण कोणाला काढून घेऊ देता कामा नये. पोलिस स्टेशनात व्हिडिओ काढला म्हणून आपल्या महाराष्ट्रात लोकांवर १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स कायद्याखाली गुन्हे टाकलेत, म्हणजे हेरगिरीचा कायदा, इंग्रजांच्या काळातला. २०२२ ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं की पोलिस स्टेशन त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित जागे’च्या व्याख्येत बसत नाही आणि गुन्हा रद्द केला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. खुर्चीत बसून पगार घेणारा साहेब, लाच मागणारा, काठी उगारणारा, रस्ता खाणारा कंत्राटदार, यांचा व्हिडिओ काढा आणि खुशाल टाका, ते त्यांच्या कामाबद्दल आहे आणि ते काम आपलं आहे. आता नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पोलिसांनीच करायचं असं आलंय. म्हणजे वरच्याकडे कॅमेरा वळवणं ही चांगली गोष्ट आहे हे कायद्याला पण पटलंय. प्रश्न खालच्याकडे वळलेल्या कॅमेऱ्याचा आहे.

आणि तो बहुतेक वेळा खालीच वळलेला असतो, जरा आठवून बघा. केळी विकणाऱ्या म्हाताऱ्याला पाचशेची नोट देताना कॅमेरा नोटेवर नसतो, म्हाताऱ्याच्या थरथरणाऱ्या हनुवटीवर असतो. लेडीज डब्यात चौथ्या सीटवरून दोघींची जुंपते, एकीची पिन निघून ओढणी सुटते, रात्री दहापर्यंत ती भांडखोर बाई म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला माहिती होते आणि दुसऱ्या दिवशी ७.५२ ला तिला त्याच डब्यात चढायचं असतं. डोकं मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपलेला वॉचमन, नाइट करून घरी चाललेला. कुंभातलीच ती माळा विकणारी मुलगी, डोळे सुंदर म्हणून व्हायरल झाली, माणसं सेल्फीसाठी तिच्या अंगावर तुटून पडायला लागली, धंदा बसला आणि घरच्यांनी तिला परत पाठवून दिली. तिचं कौतुकच झालं होतं, शिवी कोणी दिली नव्हती. तरी बघा काय झालं.

ज्यांच्याकडे वकील आहेत त्यांचा चेहरा मात्र सुरक्षित आहे. नोव्हेंबर २०२२ ला दिल्ली हायकोर्टाने अमिताभ बच्चन यांचं नाव, आवाज, फोटो परवानगीशिवाय वापरायला मनाई केली, २०२३ ला अनिल कपूर यांच्या ‘झकास’ला पण संरक्षण मिळालं, २०२४ ला मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगचा आवाज राखला. मला यात वाईट काही वाटत नाही, त्यांनी आयुष्य घालवून ते कमावलंय. पण मग मी विचारते, ‘झकास’ म्हणायची लकब एका माणसाची असू शकते तर आत्याचं रडणं आत्याचं का असू शकत नाही?

जगात हे कोणी करून बघितलंय का तर हो. जर्मनीत १८९८ ला बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर घरात घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले, त्यावरून एवढा गदारोळ झाला की शेवटी १९०७ ला कायदा आला, माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय लोकांपुढे मांडायचं नाही. अपवाद पण तिथेच लिहिलेत, बातमीच्या महत्त्वाची माणसं, देखाव्यात ओघाने आलेली माणसं, सभा आणि मिरवणुका. शंभर वर्षांहून जुना कायदा आहे पण वारीला किती चपखल बसतो बघा, दिवे घाटातून वर चढणाऱ्या अख्ख्या पालखीचा व्हिडिओ काढा, टाका, कोणाची हरकत नाही, पण एका बाईचा चेहरा जवळून घेऊन टाकायचा असेल तर तिला विचारा.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या क्वेबेकचं. १९८८ ला मॉन्ट्रियलमध्ये एक सतरा वर्षांची मुलगी एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसली होती, एका फोटोग्राफरने तिचा फोटो काढला आणि एका कलाविषयक मासिकात छापून आला. फोटो चांगला होता, त्यात आक्षेपार्ह काही नव्हतं. पण ओळखीची पोरं तिला हसली, ती कोर्टात गेली, आणि १९९८ ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने तिला दोन हजार डॉलर भरपाई कायम ठेवली. त्या अंकाच्या किती प्रती खपल्या होत्या माहितीये? ७२२. सातशे बावीस प्रतींसाठी कोर्टाने म्हटलं की तिचा चेहरा होता, तिला विचारायला हवं होतं. आमच्या आत्याची रील लाखो लोकांनी बघितली. म्हणून क्वेबेकमध्ये फोटोग्राफी बंद पडली का, नाही पडली.

मला तो पोरगा तुरुंगात गेलेला नकोय. खरंच नकोय, वीस-बावीस वर्षांचा असेल, कॉलेजची फी काढत असेल. शिक्षेचे कायदे केले की ते आधी गावातल्या पत्रकारावर आणि आंदोलनवाल्यांवर लागतात, रीलवाल्यावर नाही, हे आपण बघितलंय. मला पाहिजे ते एवढंच की ज्याचा चेहरा व्हिडिओचा मुख्य विषय आहे, ज्याचं सार्वजनिक काम काही नाही, बातमी काही नाही, त्या माणसाने ‘हा मी आहे, काढा’ म्हटलं की कंपनीने ठराविक वेळात ते काढलं पाहिजे, अश्लील असो नसो. आज प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी आहे, वर अपील समिती आहे, पण नागडं किंवा मॉर्फ केलेलं असेल तर धावपळ होते, साध्या कपड्यातल्या माणसाची तक्रार ‘आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं नाही’ या एका ओळीवर संपते. दादाला तीच ओळ आली, तीही इंग्रजीत. आणि त्या व्हिडिओवर पैसे कमावले असतील तर त्यातून भरपाई, बास.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा इथे कामी येऊ शकतो. त्यात वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे, आणि ते ठीकच आहे, लग्नातल्या व्हिडिओत कोणाकोणाची परवानगी घेणार. पण लाखभर फॉलोअर्स असलेलं, जाहिराती घेणारं पेज घरगुती कसं? चेहरा हा डेटाच आहे. हे सरकारने एका ओळीत स्पष्ट करावं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू होणार, म्हणजे २०२७ चा उन्हाळा.

आणि २०२७ लाच नाशिकला सिंहस्थ आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर लाखो बायका उतरणार, प्रत्येकाच्या हातात फोन असणार, प्रयागराजला काय झालं ते आपल्याला माहितीये. सीसीटीव्ही आणि ड्रोनची तयारी होईल, गर्दी मोजायला, ते पण पाहिजेच. पण त्याच्याबरोबर बायकांच्या घाटावर आणि कपडे बदलायच्या जागी फोन बंद अशा मोठ्या मराठी-हिंदी पाट्या, लक्ष ठेवायला महिला पोलिस, आणि प्रत्येक सेक्टरला एक टेबल जिथे माझ्या आत्यासारखी बाई येऊन सांगू शकेल की ह्यात मी आहे, काढा हे, आणि तिथला माणूस तिला कलम न विचारता तिच्या वतीने मराठीत तक्रार भरून देईल. आत्या म्हणते ती नाशिकला जाणार आहे, दिंडीतल्या अकराजणी आहेत. यंदाच्या वारीत चांदोबाच्या लिंबाला ती रिंगणाला थांबली, माती घेतली, पण कडेला बसली नाही. तशीच गाठ मारत चालायला लागली.